ताऱ्याच्या अलीकडचे: संगमेश्वरी आकाशनिरीक्षणात आडव्या येणाऱ्या पदार्थांचा विचार

खगोलशास्त्रावरचे ग्रंथ दोन टोके धरून लिहिलेले असतात. एका टोकाला तारा, दुसऱ्याला डोळा. तारा किती तापलेला, किती दूर, किती म्हातारा याची त्यांत चर्चा असते. डोळा काळोखाला सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात, अंधूक वस्तू रोखून न पाहता नजर तिच्या किंचित बाजूला ठेवावी, हेही सांगितलेले असते. या दोन टोकांमधल्या मुलखाबद्दल मात्र ग्रंथकार गप्प आहेत. व्याधाचा प्रकाश साडेआठ वर्षांहून अधिक काळ विनातक्रार प्रवास करत येतो. वाटेत त्याला कोणी अडवत नाही. शेवटच्या चाळीस फुटांत तो शेजाऱ्याच्या माडाच्या झावळीवर आपटतो आणि तिथेच खलास होतो. एवढ्या थोर प्रवासाच्या शेवटच्या चाळीस फुटांचे शास्त्र असू नये ही उणीव भरून काढण्यासाठी प्रस्तुत प्रबंध लिहिला आहे.

संशोधनाचे क्षेत्र म्हणून कसबा संगमेश्वर निवडले, याला कारण आहे. गाव शास्त्री आणि सोनवी यांच्या संगमावर, म्हणजे साहजिकच खोलगटात. अक्षांश सतराहून थोडा अधिक. पूर्वेला सह्याद्री, बाकीच्या बाजूंना त्याची पिलावळ, आणि जिथे डोंगर नाही तिथे माड, पोफळी, फणस किंवा आंबा. तालुक्याची कचेरी वर देवरुखला आहे, आणि आमच्या मते तालुक्याचे क्षितिजही तिथेच ठेवलेले आहे. मोकळ्या माळावर राहणाऱ्या निरीक्षकाला आकाश आयते मिळते, त्यामुळे या विषयावर त्याच्या हातून काही लिहून होणे नाही.

आधी व्याख्या. जे ताऱ्याच्या अलीकडे असते, ज्यामुळे तारा दिसत नाही, आणि ज्याबद्दल कोणाला तरी बोल लावता येतो, त्यास ‘आड’ म्हणावे. यातली तिसरी अट सोडू नये. सह्याद्री आड नव्हे, कारण त्याच्याबद्दल भांडायला कोणाच्या दारात जाणार? तो भूगोल. शेजाऱ्याचा फणस मात्र निःसंशय आड.

आडांमध्ये पहिला मान ढगाचा. ढगाला मालक नाही, तेव्हा तो व्याख्येत कसा बसतो, अशी शंका कोणी घेईल. शंकाकाराने जून महिन्यात कोकणातल्या कोणत्याही पडवीवर तासभर बसावे. पंचांगातले वाहन चुकले म्हणून पंचांगकर्त्याला किती बोल लागतो ते त्याच्या कानी पडेल. वाहन काढण्याची रीत अशी: सूर्य नक्षत्रात शिरतो त्या वेळी सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचे, नऊने भागायचे, आणि बाकीवरून घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव, हत्ती यांपैकी एक ठरवायचे. बेडूक, म्हैस किंवा हत्ती आला तर पाऊस भरपूर. ढगांमागे नेमके काय चालले आहे हे नऊ जनावरांच्या मदतीने सांगणारे दुसरे खगोलशास्त्र आम्हांस ठाऊक नाही.

आता एक गंभीर मुद्दा. शेतकरी पावसाला नक्षत्राची नावे देतो. साधारण ७-८ जूनला मृग लागतो, मग आर्द्रा, मग पुनर्वसूचा तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा. पण मृग ‘लागतो’ म्हणजे सूर्य मृगात येतो; आणि सूर्य ज्या नक्षत्रात असतो ते नक्षत्र दिवसा उगवते आणि दिवसाच मावळते. म्हणजे ज्या पंधरवड्यात ‘मिरग’ हा शब्द घराघरांत शंभरदा उच्चारला जातो, नेमक्या त्याच पंधरवड्यात तो आकाशात दिसणे अशक्य असते. ढग नसते तरी दिसला नसता. तोच मृग जानेवारीत रात्री नऊ वाजता बाण पोटात घेऊन डोक्यावर येतो, पाठीमागे व्याध असतो, आणि खाली त्याचे नाव घेणारा एकही माणूस जागा नसतो. इथले लोक न दिसणाऱ्या नक्षत्राशी जास्त सलगीने वागतात. दिसणाऱ्याशी त्यांचे काही काम नसते.

ढगाचे दुसरे लक्षण म्हणजे त्याची वेळ साधण्याची हातोटी. जगभरच्या हौशी मंडळींसाठी ययातीच्या उल्कावर्षावाचा कळस १२-१३ ऑगस्टच्या रात्री असतो. मंगळ सुमारे साठ हजार वर्षांत आला नव्हता इतका जवळ आला तो २७ ऑगस्ट २००३ रोजी. २२ जुलै २००९ चे खग्रास सूर्यग्रहण, २७ जुलै २०१८ चे या शतकातले सर्वांत लांबलेले खग्रास चंद्रग्रहण, जुलै २०२० मधला नुसत्या डोळ्यांना दिसणारा निओवाइज धूमकेतू: सगळे भर पावसात. वर्षातून दोनदा भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येऊन उभ्या काठीची सावली नाहीशी होते, तो दिवस आमच्याकडे एकदा मे महिन्याच्या आठ-नऊ तारखेच्या सुमारास आणि दुसऱ्यांदा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात येतो. मेमधला पाहता येतो. ऑगस्टमधला दिवस फक्त गणिताने सिद्ध आहे. त्या दिवशी सावली नसते हे खरे, पण ती आदल्या दिवशीही नसते आणि दुसऱ्या दिवशीही नसते. विपक्ष म्हणेल की मिथुनेचा उल्कावर्षाव डिसेंबरात येतो, आणि गुरू-शनीची ती दुर्मीळ गळाभेटही २१ डिसेंबर २०२० ची होती. मान्य. पण सुटलेला मासाच मोठा असतो, आणि शास्त्रही त्याचेच लिहावे लागते.

मंगळाच्या त्या भेटीपासून एक लाभ मात्र झाला. तेव्हापासून दर ऑगस्टात ‘२७ तारखेला मंगळ चंद्राएवढा दिसणार, आकाशात दोन चंद्र’ असा निरोप हातोहाती फिरतो. मंगळ चंद्राएवढा कधीच दिसत नाही. जवळात जवळ आला तरी त्याची तबकडी चंद्राच्या सत्तराव्या हिश्शाएवढी. घाटावर हे थोतांड एका रात्रीत उघडे पडते. कोकणात ते पडू शकत नाही, कारण २७ ऑगस्टला आमच्याकडे एकही चंद्र दिसत नाही. आमच्या वाडीत आजही दोन पक्ष आहेत, आणि दोघेही पुढच्या वर्षी आभाळ उघडेल या आशेवर आहेत.

इथे इतिहासाकडे वळणे प्राप्त आहे. कोकणाने ज्योतिषाला मोठी माणसे दिली. ‘ग्रहलाघव’कार गणेश दैवज्ञ नांदगावचे, त्यांनी १५२० च्या सुमारास ज्या-चापांची कटकट काढून टाकून ग्रहगणित इतके सुटसुटीत केले की पुढे कित्येक पिढ्यांची पंचांगे त्याच ग्रंथावर चालली. शंकर बाळकृष्ण दीक्षित दापोलीजवळच्या मुरूडचे. भारतीय ज्योतिषशास्त्राचा त्यांचा इतिहास १८९६ मध्ये आला. टिळक रत्नागिरीचे, १८९३ च्या ‘ओरायन’मध्ये त्यांनी मृग नक्षत्राला धरून वेदांचा काळ हजारो वर्षे मागे नेला. तिघांचेही मुख्य काम कागदावरचे. दीक्षित आणि टिळक दोघेही जुलैतले जन्म. डोळे उघडले ते थेट ढगांखाली. ज्याला जन्मल्यापासून तीन महिने आकाश दिसले नाही तो माणूस पुढे आकाशाचे गणित करील, दुसरे काय करील? कोकणाचे ढग हेच कोकणाच्या गणिती परंपरेचे जनक, असा आमचा सिद्धान्त आहे. पूर्वपक्ष लगेच गणेश दैवज्ञांचे वडील केशव दैवज्ञ पुढे करील, कारण ते त्याच नांदगावी राहून स्वतः वेध घेत असत. त्यावर उत्तर असे की वर्षाला बारा महिने असतात, आणि उरलेले आठ केशवांनी वाया घालवले नाहीत एवढेच त्यावरून सिद्ध होते.

दीक्षितांनी सामान्य वाचकांसाठी आकाशावर एक पुस्तक लिहिले. ‘ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज’ हे त्याचे नाव. या नावाचा हिशेब आजवर कोणी मांडलेला दिसत नाही. घटका चोवीस मिनिटांची. दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे. त्यांतली तीस डोळा सरावण्यात जातात. उरली अठरा. त्यांत एकदा तरी घरातून ‘जेवायला येताय ना’ अशी हाक येते, आणि हाक मारणारी व्यक्ती पडवीतला दिवा लावूनच हाक मारते. डोळ्याचे सरावणे पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे निव्वळ मौज उणे बारा मिनिटे. शीर्षकाच्या खरेपणाबद्दल आमची तक्रार नाही. मुरूडला त्या काळी पडवीत बटण नव्हते हे ध्यानात घ्यावे.

विजयदुर्गाचा उल्लेख न करता पुढे जाता येणार नाही, कारण आडांच्या शास्त्राने एका ऐतिहासिक प्रश्नाचा निकाल लावल्याचे ते उत्तम उदाहरण आहे. हेलियमचा शोध १८ ऑगस्ट १८६८ रोजी नॉर्मन लॉकियर यांनी विजयदुर्ग किल्ल्यावरून लावला, असे अनेक ठिकाणी मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. इतिहासकार कागदपत्रांवरून सांगतात की लॉकियर त्या दिवशी इंग्लंडात होते, ग्रहण पाहणारे जान्सेन गुंटूरला होते, आणि लॉकियर विजयदुर्गावर आले ते तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. त्यांच्या उपकरणांसाठी केलेले ‘साहेबाचे कट्टे’ आजही दाखवतात. आम्हांला कागदपत्रांची गरज पडली नाही. १८ ऑगस्टला कोकणच्या किनाऱ्यावर बसून सूर्याचा अभ्यास करण्याचा बेत कोणताही शहाणा साहेब आखणार नाही, एवढे बस्स. जानेवारीचे ग्रहण मात्र त्यांनी बरोबर गाठले.

दुसरा आड, माड. येथे काटेकोर गणित करता येते, म्हणून थोडा विस्तार. ध्रुव क्षितिजापासून जेवढ्या अंशांवर दिसतो तेवढाच त्या गावाचा अक्षांश. म्हणजे संगमेश्वरी ध्रुव उत्तरेला साधारण सतरा अंशांवर, बऱ्यापैकी खाली. माड पंधरा मीटर उंच धरला आणि निरीक्षकाचा डोळा जमिनीपासून दीड मीटरवर, तर त्या माडाच्या दक्षिणेला सुमारे ४४ मीटरच्या आत उभ्या असलेल्या माणसाला ध्रुव माडामागे जातो. आमच्याकडे कुठल्याही बिंदूपासून उत्तरेला ४४ मीटरांत माड नाही अशी जागा दाखवणाऱ्यास हा प्रबंध विनामूल्य भेट देण्यात येईल. थोडक्यात, उत्तानपादाच्या मुलाला सावत्र आईने बापाच्या मांडीवरून उठवले आणि संगमेश्वराने बागायतीमागे बसवले. त्याच्या अढळपणाबद्दलही थोडे बोलायला हवे. ध्रुव तारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून अधिक सरकलेला आहे आणि रोज त्याभोवती एक लहानसे वर्तुळ काढतो. त्या वर्तुळाच्या व्यासात अडीच पौर्णिमेचे चंद्र मावतील. शिवाय वारा सुटला की तो झावळ्यांमधून लुकलुकतो. पुराणात अढळपद दिले तेव्हा मध्ये माड नव्हता.

शेजाऱ्याशी या बाबतीत बोलणी झाली. माड तोडण्याचा विषय कोणी काढत नाही, तो निघाला की गावात बोलणेच बंद होते. झावळ्या उतरवण्याबद्दल तो म्हणाला, “उतरवतो की. पण मास्तर, तुमचा तारा झावळीमागं आज हाय, उद्या असल. माझं नारळ आज पडलं तर उद्या नसतील.” हा युक्तिवाद खगोलशास्त्रीयदृष्ट्या निर्दोष असल्याने चर्चा तिथेच थांबली.

दक्षिणेकडचा प्रश्न अधिक नाजूक आहे. मे महिन्यात रात्री नऊच्या सुमारास त्रिशंकू दक्षिणेला उभा असतो, पण त्याचा सर्वांत वरचा तारासुद्धा आमच्याकडे सोळा अंशांपर्यंत पोचत नाही. इतक्या खालचे पाहायचे तर नदीवरचा पूल गाठावा लागतो, कारण नदीच्या पात्रात झाड उगवत नाही. रात्री पुलाच्या कठड्याशी एकटा उभा असलेला माणूस पाहिला की जाणारा-येणारा गाडी थांबवतो, हळू आवाजात घरच्यांची चौकशी करतो, आणि ‘होईल सगळं ठीक’ असे सांगून खांद्यावर हात ठेवतो. त्रिशंकू पाहतोय असे सांगितल्याने त्याची काळजी वाढते.

तिसरा आड, दिवा. आकाश किती काळे आहे हे मोजण्यासाठी जॉन बोर्टल यांनी २००१ मध्ये नऊ पायऱ्यांचे एक मोजमाप दिले. पहिल्या पायरीवर आकाशगंगेची सावली पडते, नवव्यावर जेमतेम चंद्र आणि ग्रह. जगभर ते प्रमाण मानतात. आमच्याकडे ते चालत नाही, कारण एकेका जागेला एकेक पायरी असते हे त्यातले गृहीत इथे टिकत नाही. लाईट जाते त्या क्षणी आम्ही तीन पायऱ्या उतरतो आणि आल्यावर तीन चढतो, जागेवरून न हलता. मार्चपासून मेपर्यंत रात्री लाईट जाण्याइतकी खगोलशास्त्राला पोषक दुसरी घटना नाही. वाडीतली सारी माणसे खळ्यात येतात, पंखे बंद, दूरदर्शन बंद, वर सप्तर्षी, म्हणजे जुन्या बायांच्या भाषेत म्हातारीचे बाजले आणि ते पळवणारे तीन चोर. अशा वेळी सगळ्या माना वर असतात आणि सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो: लाईट कधी येणार? पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून लोकांना आकाश दाखवते आहे. मुंबईची मंडळी काळोख शोधत रात्रभरासाठी वांगणीला जातात. आमच्याकडे काळोख दारात येऊन उभा राहतो, तेव्हा लोक वायरमनला फोन लावतात.

महामार्गाच्या चौपदरीकरणाचे परीक्षण अजून पूर्ण झालेले नाही, कारण चौपदरीकरणही झालेले नाही. रस्त्याकडेची मोठी झाडे गेली तेव्हा पश्चिमेचे क्षितिज पहिल्यांदा उघडे पडले आणि शुक्राची चांदणी मावळेपर्यंत दिसू लागली. या शास्त्रीय लाभाचा आनंद वाटावा की वडांचे दुःख करावे, हे ठरेपर्यंत तिथे दिव्यांचे खांब उभे राहिले आणि प्रश्न आपोआप मिटला.

दव आणि बुरशी हे आड दुर्बिणीच्या आतच राहतात. कोकणात दुर्बीण विकत घेणारा माणूस प्रत्यक्षात बुरशी पाळत असतो. भिंगावर तिची जाळी अशी सुबक पसरते की नवखा माणूस तिला तेजोमेघ समजतो. सिलिका जेलच्या पुड्या, तांदळाचा डबा, कपाटातला मिणमिणता बल्ब हे सर्व उपाय लोक करतात. तांदूळ चांगले राहतात.

सजीव आडांत काजव्याचे स्थान वेगळे, कारण तो तारा झाकत नाही, वाढवतो. मेअखेरीस पहिल्या पावसाच्या आधी झाडे लखलखू लागली की जमिनीच्या जवळ पाच-दहा अंशांपर्यंतची निरीक्षणे रद्द समजावीत. डास झाकत नाहीत, पण दुर्बीण हलवतात. बिबट्याचा विचार या शास्त्रात करावा की नाही याबद्दल मतभेद आहेत. तो ताऱ्याच्या आड येत नाही. निरीक्षकाच्या आणि दरवाजाच्या आड येतो.

राहिला माणूस. संगमेश्वरी माणूस दुर्बीण दिसताच ‘काय, गावला काय?’ असे विचारतो. या प्रश्नात काहीतरी हरवले होते हे गृहीत आहे, आणि ते शोधणाऱ्याचेच होते हेही. दुसरा प्रश्न राशीचा, तिसरा पावसाचा. शनी दाखवला तर कडे पाहून तो आधी नळीच्या पुढच्या बाजूला जाऊन आत चित्र चिकटवले आहे का ते तपासतो; चित्र सापडत नाही, तेव्हा तो हात जोडतो, कारण शनी. त्या सबंध वेळात त्याचे डोके नळीपुढे असते, म्हणजे तोच आड. यावर उपाय नाही, आणि खरे सांगायचे तर नकोही. आम्ही पाहिलेल्या निरीक्षकांपैकी सगळ्यांत चिकित्सक तोच.

या शास्त्राला आद्य आचार्य नाही असे कोणी समजू नये. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये शार्ल मेसिए धूमकेतू शोधत असत. वाटेत त्यांना धूमकेतूसारखे दिसणारे, पण जागचे न हलणारे धुरकट ठिपके आडवे येत. वैतागून त्यांनी अशा नसत्या गोष्टींची यादीच केली. १७८१ पर्यंत ती १०३ वर गेली, पुढे इतरांनी ११० केली. त्यांचे धूमकेतू आज कोणाला आठवत नाहीत. यादी मात्र प्रत्येक हौशी निरीक्षकाला पाठ असते, आणि देवयानीची दीर्घिका तिच्यात एकतिसावी आहे. यादीत पहिला क्रमांक ज्या तेजोमेघाचा, त्याचा स्फोट चिनी ज्योतिषांनी १०५४ च्या ४ जुलैला पाहिला. जुलैला. अधिक बोलत नाही.

मेसिएंच्या पावलावर पाऊल ठेवून आम्ही ‘सं.’ या खुणेने संगमेश्वरी आडांची सूची सुरू केली आहे. सं. १ उत्तरेचा माड. सं. २ देवळासमोरचा दिवा, जो दिवसा पेटतो आणि रात्री कधी कधी. सं. ३ पूर्वेची फणसाची रांग, जिच्यामुळे कृत्तिका अर्धा तास उशिरा उगवतात. सं. ४ टेलिफोनचा निकामी मनोरा, ज्याच्या टोकावर घुबड बसले तर सं. ४ अ. नोंदणीला गावातून विरोध होईल असे वाटले होते, झाले उलटेच. आपलीही वस्तू यादीत असावी म्हणून लोक घरी येऊ लागले. एकाने पाण्याची नवी टाकी सुचवली, ती प्रत्यक्ष पाहणीनंतर नाकारावी लागली, कारण तिच्यामागे पाहण्यासारखे काहीच नव्हते. सं. ७ चे प्रकरण अजून चालू आहे. नोंदीत नुसते ‘आंबा’ लिहिल्याबद्दल मालकाने हरकत घेतली असून ‘हापूस, कलमी’ अशी दुरुस्ती मागितली आहे. त्या झाडाला लागूनच रायवळ असलेला त्याचा चुलत भाऊ म्हणतो की स्वाती झाकते ती त्याच्या झाडाची फांदी. एप्रिलमध्ये दोघांच्या समक्ष मोजणी ठरली आहे.